बादलीखालचा साप

नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. इथे परदेशात, पासिर रिसच्या फ्लॅटमध्येही मी हे सगळं पाळते. मुलगी हसते, हसू दे. यंदा तर हौस जास्तच होती. माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर. डर्बनहून निघालेलं त्याचं जहाज आदल्या रात्री इथे नांगरलं होतं आणि संध्याकाळी थोडा वेळ तो घरी येणार होता. कित्येक महिन्यांनी! मी पुरणाची दिंडं वाफवायला ठेवली.

दुपारी त्याचा फोन आला.

"माझं काही जमत नाही. स्टोअरमध्ये साप निघालाय. बादलीखाली झाकलाय, न्यायला माणसं यायची आहेत. मी हललो की आमचा सेकंड इंजिनिअर त्याला पाइपने ठेचणार."

माझं डोकंच फिरलं. अख्ख्या जहाजावर राखणीला हाच एक सापडला? अगदी ओठांवर आलं होतं, मरू दे मेल्याला, तू ये. पण गॅसवर दिंडं नागोबाच्याच नावाने शिजत होती. जीभ आवरली आणि म्हटलं, "फोटो पाठव."

नेटवर शोधलं. आफ्रिकेतला हाउस स्नेक निघाला. तपकिरी अंग, डोळ्याच्या वर आणि खाली एकेक फिकट रेघ. विष नाही. उंदीर विळख्यात आवळून खातो, म्हणून घरांच्या आसपास वावरतो. स्वभावाने गरीब. लग्नाचं स्थळ सुचवावं तसं मी हे सगळं फोनच्या स्पीकरवरून त्या सेकंड इंजिनिअरला हिंदीत ऐकवलं.

"भाभीजी, साँप तो साँप होता है," तो म्हणाला.

मग मात्र मी चिडले. "हमारे यहाँ नाग को भाई मानते हैं. कल ही मैंने भाई का उपवास रखा था. ये मेरा भाई है. अब मारो."

आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने नवऱ्याचा मेसेज आला, सुटलोय, पण आता घरापर्यंत यायला वेळ नाही. मग मीच डबा घेतला आणि मेट्रोने धक्क्यावर गेले. तो लाँचमधून उतरला आणि मला रडूच आलं.

बाकावर बसून त्याने दिंडं तुपात बुडवून खाल्ली. मला इतकं बरं वाटत होतं, की साप आठवलाच उशिरा.

"त्याच्यापाशी कोण बसलंय?"

"तोच, पाइपवाला," तो बोटं चाटत म्हणाला. "स्टूल टाकून बसलाय. कॅप्टनलासुद्धा बादलीला हात लावू देत नाही. म्हणतो, चीफ साब के साले साहब आराम कर रहे हैं."