नातवाच्या नावाचं स्टिअरिंग

म्हातारा फोटिस त्सुकालास बसमध्ये शेजारी येऊन बसला, तर आपण उठून दुसरी जागा बघावी हे बरं. वळण आलं की त्याचा उजवा पाय ब्रेक शोधतो, डावा क्लच शोधतो आणि तोंडाने ड्रायव्हरचा उद्धार चालू असतो. "अरे, हॉर्न दे की. हुंड्यात मिळालाय का, जपून ठेवायला?" त्याची बायको आसिमिना अशा वेळी खिडकीबाहेर बघते आणि या माणसाशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करते.

पण त्याचंही खरं होतं. उभी हयात त्याने ग्रीसमधल्या व्होलोस बंदरापासून वर डोंगरातल्या झागोरा गावाची बस चालवली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि दरीच्या तळाशी समुद्र. त्या रस्त्यावरून त्याने सफरचंदाच्या पेट्या नेल्या, चीजचे डबे नेले, रुसून माहेरी निघालेल्या सुना नेल्या, आणि एकदा तर शवपेटी नेली. रिकामी होती, पण तिकीट त्याने पूर्ण घेतलं. त्याचा हॉर्न घाटात वाजला की वरच्या गावातल्या बायका घड्याळ न बघता कालवण उतरवून ठेवायच्या. एवढ्या वर्षांत बसला साधा ओरखडा नाही. हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचाच, कोणी विचारो न विचारो.

आणि अशा माणसाचं लायसन्स गेलं. गेल्या उन्हाळ्यात त्याने आपली गाडी आधी बेकरीच्या खांबाला घासली, मग शेजारणीच्या लिंबाच्या कुंडीवर घातली. दुसऱ्या खेपेला गाडीत त्याचा थोरला नातू होता. तोही फोटिस त्सुकालासच. म्हाताऱ्याच्या मुलाने रीतीप्रमाणे थोरल्याला आपल्या बापाचं नाव दिलेलं, त्यामुळे घरात एक म्हातारा फोटिस आणि एक डॉक्टर फोटिस. डॉक्टर म्हणजे दातांचा. त्याने आजोबांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तिथे निघालं की डाव्या बाजूचं म्हाताऱ्याला जवळजवळ काही दिसत नाही. लायसन्सचं नूतनीकरण झालं नाही. गाडी विकली.

"दातवाल्याला डोळ्यांतलं काय कळतं?" म्हातारा म्हणाला, आणि नातवाशी त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं. डॉक्टरचा फोन आला की तो आसिमिनाच्या हातात देऊन म्हणायचा, "तुझा नातू आहे." पुढे त्याची एक दाढ ठणकायला लागली. गावात दुसरे दातांचे डॉक्टर नव्हते असं नाही, पण त्यांच्याकडे गेलं तर लोक म्हणणार, घरचा असताना बाहेर का? आणि घरच्याकडे जाणं म्हणजे नाक घासणं. म्हणून हा गडी तोंडाच्या एकाच बाजूने जेवत होता. माझ्या मते याला हट्ट म्हणायचं नाही, याला वेड म्हणतात.

नोव्हेंबरात आसिमिना लोकर घ्यायला पोलिक्सेनीच्या दुकानात निघाली आणि पिशवी धरायला त्याला घेऊन गेली. पोलिक्सेनीचं दुकान पूर्वी निव्वळ लोकरीचं. मग विणणाऱ्या बायका कमी झाल्या, तशी तिने पुढच्या भागात व्हिडिओ गेम मांडले आणि लोकर मागच्या भिंतीला ढकलली. धंदा बदलला, बाई बदलली नाही. कंट्रोलर मागितला की ती आधी म्हणते, "हात बघू," आणि तुमचा पंजा टेपने मोजते. हेडफोन ताणून बघते, टोपी ताणावी तसा. "हा नको तुम्हाला, कानशिलं दुखतील आणि मग माझ्या नावाने बोटं मोडाल." एकदा बंदरावरच्या कस्टमचा चांगला टक्कल पडलेला कारकून मारामारीचा गेम मागायला आला, तर त्याला तिने विचारलं, "आईला माहीत आहे का?" बिचारा खाली मान घालून फुटबॉलचा घेऊन गेला.

तर आसिमिना मागे करड्या लोकरीच्या छटा जुळवत बसली. त्या बाईला करड्या रंगात जेवढे रंग दिसतात तेवढे इंद्रधनुष्यात नसतील. म्हातारा पुढे उभा. तिथे टेबलाला एक स्टिअरिंग घट्ट बसवलेलं, खाली पेडल, समोर पडदा. त्याने नुसता हात टेकवला.

"बसा ना," पोलिक्सेनी म्हणाली.

"मला काय करायचंय? पोरासोरांचे खेळ," असं म्हणत म्हातारा बसला.

पडद्यावर डोंगरातला रस्ता आणि आपण बसमध्ये. त्याने स्टूल पुढे ओढलं, मागे केलं, आरसा बघितला. पोलिक्सेनी म्हणाली, निघा. "दार लागलं का आधी?" त्याने विचारलं, आणि दार लागल्याची खात्री झाल्यावरच निघाला. पहिलं वळण आलं. हॉर्न. दुसरं वळण. हॉर्न.

"फोटिस, कसला आवाज तो?" मागून आसिमिना.

"काही नाही, दुकानातलं आहे."

हात आपोआप फिरत होते. खांदे सैल झाले. महिनोन्‌महिने छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात थाड असा आवाज झाला.

"ही बकरी कुठून आली?"

"रस्त्यावरच होती की," पोलिक्सेनी म्हणाली.

"नव्हती. आभाळातून टाकतात हे लोक. लबाड गेम आहे तुझा."

पोलिक्सेनीने गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही. "आणि रस्ता?"

"रस्ता बरा आहे," म्हातारा म्हणाला, आणि उठताना त्याने स्टिअरिंगवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी तो एकटा आला. टोपी कपाळापर्यंत ओढून, जसा काही दारूच्या दुकानात शिरतोय. पोलिक्सेनीने एक स्टिअरिंग दाखवलं, खाली दोनच पेडल.

"क्लच कुठाय?"

"हल्ली क्लच नसतो."

"मग माझा डावा पाय काय पाहुणा म्हणून आणायचा?"

तीन पेडल, उभा गिअर आणि मोठं चाक असा सगळा सेट अथेन्सहून मागवावा लागणार होता. पोलिक्सेनीने टेप काढून त्याचे हात मोजले, छाती मोजली, गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं, आणि मग तिला शंका आली. "पण कोणासाठी हे?"

इथे म्हाताऱ्याची गाडी घसरली. खरं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत बंदरावर त्सिपुरोची दारू पीत बसणाऱ्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना कळणार. ते त्याला फाडून खाणार. आसिमिना फाडणार ते वेगळंच. "नातवासाठी," तो म्हणाला. "त्याच्या नावाच्या दिवसाला."

"नाव?"

"फोटिस त्सुकालास."

"तुमचं नाही हो, नातवाचं."

"त्याचंही तेच."

पोलिक्सेनीने तसं लिहून घेतलं. गाडी विकून आलेल्या पैशातून त्याने तिथल्या तिथे सगळं चुकतं केलं आणि घरी जाऊन जिन्याखालची अडगळ आवरायला घेतली. भंगारात निघालेल्या आपल्या बसची ड्रायव्हरची सीट त्याने निवृत्त होताना मागून आणली होती, ती बाहेर काढली, पुसली. "उंदीर झालेत," असं बायकोला सांगितलं. सगळा डिसेंबर हा माणूस सीटवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता, आणि खूश होता.

सहा जानेवारीला पाण्याला आशीर्वाद देण्याचा सण, आणि तोच फोटिस नावाच्या सगळ्यांचा नावाचा दिवस, वाढदिवसासारखा. आदल्या संध्याकाळी तो पोलिक्सेनीकडे गेला.

"तुमचं ओझं वाचवलं मी," ती म्हणाली. "काल दाढ काढायला तुमच्या नातवाकडे गेले होते. दारावर पाटी बघितली, फोटिस त्सुकालास. म्हटलं, सेट आलाच आहे, आजोबांनी कशाला पाठ मोडून घ्यायची? त्याला तिथेच सांगितलं आणि मग दिला पाठवून. आणि ऐका, तो रडला हो. माझं तोंड तसंच उघडं ठेवून रडला. म्हणाला, आजोबांनी मला माफ केलं."

"माफ?" म्हातारा म्हणाला. त्याने टोपी कपाळापर्यंत ओढली आणि तो बाहेर पडला.

समुद्राच्या कठड्याकडेने तो घरी आला तो स्वतःशी भांडतच. खरं सांगावं तर नातवाला म्हणायचं, बाबा रे, तुला मी माफबिफ काही केलेलं नाही, माझं खेळणं परत दे. या वयात. चारचौघांत. आणि न सांगावं तर ते मोठं चाक, तो क्लच, तो रस्ता दातांच्या दवाखान्यात धूळ खात पडणार. दाढ तर अशी ठणकत होती की विचारही धड करता येईना. रात्रभर त्याने कूस बदलली आणि आसिमिनाने त्याला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी धर्मगुरूंनी बंदरात क्रूस टाकला, पोरांनी थंड पाण्यात उड्या मारून तो काढला, आणि मग अर्धी गल्ली म्हाताऱ्याच्या घरी शुभेच्छा द्यायला आली. डॉक्टर आला तो खोकं काखोटीला मारूनच. त्याने आजोबांना मिठी मारली. म्हातारा खांबासारखा ताठ.

"आजोबा, मला वाटलं होतं तुम्ही माझ्याशी कधीच बोलणार नाही."

पाहुण्या बायकांनी डोळे पुसले. आसिमिनाने पुसले नाहीत. "तू? आणि भेट?" ती नवऱ्याला म्हणाली. "मला लग्नापासून एक सुई आणली नाहीस."

डॉक्टरने जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग बसवलं, टीव्हीला वायर जोडली आणि भेट आवडल्याचं दाखवायला स्वतः चालवायला बसला. आता डॉक्टर माणूस चांगला, हात हलका, पण गाडी अशी चालवतो की बघणाऱ्याला आजार व्हावा. पहिल्याच वळणाला हॉर्न नाही. क्लच न दाबता गिअर ओढला. ती खरखर ऐकून म्हाताऱ्याची मूठ वळली. त्याने त्सिपुरोचा पेला उचलला, ठेवला, परत उचलला. उतारावर डॉक्टरने एकदम स्टिअरिंग वळवलं आणि अख्खी बस प्रवाशांसकट दरीत घातली.

"बकरी होती मध्ये," डॉक्टर म्हणाला.

"कसली बकरी? बकरीबिकरी नव्हती. ऊठ."

"आजोबा?"

"ऊठ म्हणतो ना. तुझं नाहीये ते. माझं आहे. मी माझ्यासाठी आणलं, त्या पोलिक्सेनीने तुला दिलं. तुला काही मी माफ केलेलं नाही. आणि तो क्लच असा तुडवू नकोस, बघवत नाही."

कोणाच्या तोंडातलं मधाचं बिस्किट तोंडातच राहिलं. डॉक्टरचे कान लाल झाले. तो उठला, खुर्ची आजोबांकडे वळवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. म्हाताऱ्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण हात स्टिअरिंगकडे गेलेच.

आणि मग त्याने चालवली. पाहुणे खुर्च्या ओढून मागे बसले, खरोखर बसमध्ये बसल्यासारखे. हॉर्न, वळण, दुसरा गिअर. पलीकडच्या घरातली झागोराची म्हातारी म्हणाली, "अगदी तसंच, माझं पोट ढवळतंय." म्हाताऱ्याने ऐटीत मान हलवली. सरळ रस्ता लागला, त्याने वेग घेतला.

थाड.

पुन्हा बकरीच. बस आडवी थांबली होती.

"डावीकडून आली?" म्हाताऱ्याने विचारलं.

"डावीकडून, आजोबा."

"कधीपासून दिसत होती?"

डॉक्टरने आजीकडे बघितलं. आसिमिना म्हणाली, "सरळ रस्ता लागला तेव्हापासून, फोटिस. मला विणायच्या चष्म्यातूनसुद्धा दिसली."

म्हाताऱ्याने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. बेकरीच्या त्या खांबाजवळ बाक आहे, आणि बाकावर संध्याकाळी बायका बसतात. लिंबाची कुंडी होती तिथे शेजारीण रोज सकाळी पाणी घालायला उभी असते. हे त्याला माहीत होतंच, पण आजवर त्याने त्याचा विचार करायचं टाळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला गाडीची भीती वाटली, आणि ती जेवणाच्या टेबलाशी बसून वाटली.

मग त्याने मान न वळवता हाक मारली. "फोटिस."

"काय, आजोबा?"

"खुर्ची आण. इथे ठेव, माझ्या डावीकडे. बकरी दिसली की ओरडायचं. दवाखान्यात बायकांशी कुजबुजतोस तसं नाही, मोठ्याने."

"ड्रायव्हर डावीकडच्या खिडकीला चिकटूनच बसतो," आसिमिना म्हणाली. "नातू काय बाहेर लटकणार आहे?"

"लटकू दे. तरुण आहे."

डॉक्टर खुर्ची घेऊन आला आणि बसला. म्हाताऱ्याने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. "उद्या दवाखाना कधी उघडतोस? दाढ दुखतेय माझी."

"कुठली?"

"डावीकडची. डावीकडचं सगळं आता तूच बघ."

बस निघाली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. डॉक्टर खुर्चीतून अर्धा उठला आणि "बकरी, आजोबा, बकरी" म्हणून असा ओरडला की रस्त्यावरच्या माणसाने वर बघितलं. म्हाताऱ्याने ब्रेक दाबला. बस थांबली. बकरी निवांत रस्ता ओलांडून गेली.

"एवढं ओरडायला काय झालं?" म्हातारा म्हणाला. "दिसली होती मला."