अभ्यासिकेतल्या एका खुर्चीसाठी

परळला आत्याकडे राहायला आले तेव्हा माझ्या बॅगेत तीन विषयांची पुस्तकं होती: समाजशास्त्र, रसायनशास्त्र आणि मराठी. गिरगावातल्या ज्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला, तिथे असे लांबलांबचे विषय एकत्र घेऊन एकच पदवी करता येत होती. ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म देताना सांगितलं, "तुला आवडतं ते निवड." मी तो फॉर्म दोन दिवस कोराच ठेवला. आमच्या तालुक्याच्या शाळेत आवडीचं कोणी विचारत नसे. टक्क्यांवरून लाइन ठरायची आणि त्या लाइनीत उभं राहायचं.

आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. शेवटी वडिलांना फोन केला. ते टेम्पो चालवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका डिग्रीत तीन बसतायत ना? मग घे तीन. गाडी रिकामी कशाला न्यायची?"

गाडी भरली, पण अभ्यासाला जागा नव्हती. आत्याची खोली एक, त्यात आम्ही पाच जण. आतोबांची रात्रपाळी, म्हणजे दिवसा खोलीत पान उलटल्याचा आवाजही चालायचा नाही. संध्याकाळी ते उठले की टीव्ही लागायचा. पहिले तीन महिने मी गॅलरीत बादल्यांच्या मधे बसून वाचलं. चाचणीत रसायनशास्त्रात काठावर पास झाले. तेव्हा आत्या म्हणाली, "खाली बिल्डिंगच्या विहारात अभ्यासिका आहे, तिथे जा. काकांना सांग मी पाठवलंय म्हणून."

काका म्हणजे अभ्यासिकेचे सेक्रेटरी, निवृत्त पोस्टमन. त्यांच्यासमोर एक जाड वही असायची. नाव, मजला, परीक्षा असे रकाने. खुर्च्या बावीस आणि वेटिंग लिस्टवर नऊ जण.

"परीक्षा कुठली?"

"डिग्रीची."

"ती सगळेच करतात. कशातली?"

मी तिन्ही विषय सांगितले. काकांनी पेन खाली ठेवलं. "यातला खरा कुठला?"

"तिन्ही मिळून एकच आहे काका."

"मग तू होणार काय?"

मागच्या खुर्चीवरून पीएसआयची तयारी करणारा एक दादा मान वर न करता म्हणाला, "काका, हिला तीन खुर्च्या लागतील." सगळी अभ्यासिका हसली. मलाही हसू आलं. पण इथे काका नाही म्हणाले असते तर पुन्हा बादल्या होत्याच.

काका वाईट नव्हते. नियम नियमासारखा पाळायचा, एवढंच. ते म्हणाले, "नव्याला आम्ही महिनाभर बसू देतो, तूही बस. शेवटच्या रविवारी तुझं सांगणं ठेवू. कमिटीला पटलं तर खुर्ची तुझी. नाही पटलं तर वेटिंगमधल्या पोराला देईन, राग मानू नको."

सांगणं ही तिथली पद्धत होती. खुर्ची मिळालेल्या प्रत्येकाने एकदा तरी रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमध्ये उभं राहून आपण काय शिकतो ते सगळ्यांना कळेल असं सांगायचं. बिल्डिंगने जागा दिली, तर बिल्डिंगला कळायला हवं, असा साधा हिशेब. बँकेच्या परीक्षेवाल्याने व्याज समजावलं होतं, नर्सिंगच्या ताईने ब्लड प्रेशर. मी काय सांगायचं?

त्याच महिन्यात, पाऊस संपल्यावर, आमच्या वर्गाला कफ परेडच्या मच्छीमार नगरात नेलं. पाहणी करून प्रत्येकाने एक छोटा प्रकल्प लिहायचा होता. मी सुकी मासळी घेतली, कारण त्यात माझे तिन्ही विषय बसत होते: सुकवणाऱ्या बाया, सुकण्यातलं रसायन आणि त्या धंद्यातले शब्द. मी पंचवीस प्रश्न छापून नेले. "आपण सदर व्यवसायात किती वर्षे कार्यरत आहात?" असले. समोर दोऱ्यांवर बोंबील लटकत होते आणि मी मान खाली घालून रकाने भरत होते. एका बाईंनी विचारलं, "रेशन कार्डाचं हाय का गं?" मी नाही म्हटल्यावर त्या निघून गेल्या. बाकीची माहिती मी पुस्तकातून घेतली आणि प्रकल्प बरा झालाय असं मला वाटलं. सांगण्यासाठी तोच विषय पक्का केला.

रविवारी हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर बाया. शाळेत मी वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं घेतली होती, मला उभं राहायची तीच एक रीत ठाऊक होती. हात मागे बांधले आणि सुरू केलं, "सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक आणि माझ्या बंधू-भगिनींनो." व्यासपीठ नव्हतं. परीक्षक असतील तर ते काका, आणि ते तेव्हा पंखा बंद होतोय का बघत होते. मी न अडखळता पाठ केलेलं म्हणत गेले. मुलं एकमेकांना चिमटे काढायला लागली. आत्या मला डोळ्यांनी सावकाश, सावकाश करत होती.

"बोंबील दीर्घकाळ टिकावेत म्हणून त्यांना मीठ लावले जाते. मीठ पाणी शोषून घेते आणि त्यामुळे जिवाणू..."

"थांब गं बाय," मागून आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी. लालबागच्या बाजारात त्यांचा सुक्या मासळीचा धंदा आहे. "बोंबलाला मीठ कोण लावतं?"

मी म्हटलं, "पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्याला माझ्याकडे पाठव. मीठ बांगड्याला, सुरमईला. बोंबील नुसता वाऱ्यावर सुकतो. तू बघून आलीस ना?"

हॉल एकदम जागा झाला. शाळेत असते तर मी पुढचं वाक्य आठवून रेटून नेलं असतं. पण पुढचं वाक्य मिठाचंच होतं, आणि त्याच्या पुढचंही. मी हात सोडले आणि म्हणाले, "मावशी, मी तिथे होते. पण बघितलं नाही. मी कागदात बघत होते."

कोणीतरी हसलं. मावशी मात्र उठून पुढे आल्या आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून मुलांना दाखवलं. "दोन बोंबील घ्यायचे. याचा जबडा त्याच्या जबड्यात. आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नको, काही नको. पण आभाळ आलं की संपलं. माल नरम पडतो, वास मारतो. का ते मला कोणी सांगितलं नाही अजून."

ते मला येत होतं. कागद नव्हता, पाठांतर नव्हतं. मी म्हटलं, "बोंबलात पाणी फार. ते वाऱ्याने न्यायचं असतं. दमट हवा म्हणजे आधीच भिजलेला टॉवेल. भिजलेल्या टॉवेलने अंग पुसलंत तर किती पुसलं जाईल? पाणी आत राहिलं की जंतूंचं फावतं. बांगड्याला मीठ हेच काम करतं, आतलं पाणी ओढून घेतं."

"हां," मावशी म्हणाल्या. "म्हणजे मीठ आणि वारा भाऊ-भाऊ."

मग प्रश्नच प्रश्न. जोड्या कोण लावतं, बाया की पुरुष? हिशेबात जोडी धरतात की नग? दोरी बांधायच्या त्या बांबूंना काय म्हणतात? अर्धे मी विचारत होते, अर्धे मुलं. मावशी उत्तरं देत होत्या आणि मी एका पोराची वही मागून लिहून घेत होते. पीएसआयवाल्या दादाने विचारलं, "मावशी, मग पावसात विकता तो माल कधीचा असतो?"

"तू आधी पोलीस हो, मग चौकशीला ये."

सांगणं दहा मिनिटांचं असायचं. माझं पाऊण तास चाललं, त्यात मी फार तर दहा मिनिटं बोलले असेन. नंतर काका आणि कमिटीचे दोघे चपलांच्या स्टँडपाशी जाऊन बोलू लागले. मी आत्याजवळ उभी राहिले. तिने माझा हात घट्ट धरला होता. जागा गेली तर मला कुठे बसवायचं, हे तिलाही सुचत नव्हतं.

काका परत आले. "तू होणार काय, ते मला अजून कळलं नाही," ते म्हणाले. "पण काय शिकतेस ते कळलं. उद्यापासून अकरा नंबरची खुर्ची. वेटिंगमधल्या पोराला मी सांगतो, त्याची पुढच्या महिन्यात सोय होईल." मग वळता वळता म्हणाले, "आणि ते सन्माननीय वगैरे पुन्हा नको."

त्या खुर्चीवर मी चार वर्षं बसले. पदवी तिथेच झाली. त्या रविवारनंतर मात्र लिहिलेला प्रकल्प तसाच द्यायची लाज वाटली, म्हणून त्याच आठवड्यात मावशी माल आणायला निघाल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर पुन्हा मच्छीमार नगरात गेले. या वेळी छापील प्रश्न नेले नाहीत. मावशींनी तिथल्या बायांना सांगितलं, "ही आमची आहे. हिला शिकवा, शिकते." एका बाईंनी ओल्या बोंबलांची पाटी माझ्यासमोर सरकवली. माझी पहिली जोडी दोरीवरून लगेच सुटून खाली पडली. चौथी टिकली.