कुलपाला झेंडू

निघोज्याच्या पुढे, तारेचं कुंपण घातलेल्या एका मोकळ्या प्लॉटच्या गेटवर तो वॉचमन बसायचा. एक परदेशी कंपनी तिथे बॅटरीचा कारखाना काढणार होती. मला नेमणुकीचं पत्र आलं होतं आणि जुनी नोकरी मी सोडूनही बसलो होतो. पण त्या कंपनीच्या देशाचा पैसा आपल्याकडे येऊ देणं सुरक्षित आहे का, याची तपासणी दिल्लीत अडकली. दर सोमवारी मी पिंपळे गुरवहून चौकशीला जायचो. मी हेल्मेट काढायच्या आतच तो नुसती मान हलवायचा. तोंडाने नाही म्हणायची त्याला लाज वाटत असावी.

खंडेनवमीला इथे प्रत्येक कारखान्यात मशिनींची पूजा असते. त्या दिवशी गेलो, तर तो गेटच्या कुलपाला हळदकुंकू लावत होता. पूजा करावी असं आत दुसरं काही नव्हतंच. कुलपाला झेंडूची माळ घालून त्याने मला पेढा दिला.

"ह्या पैशानं देशाला धोका हाय का, ते दिल्लीवाले बगत्यात. बगावंच की," तो म्हणाला. मग आतल्या गवताकडे बोट केलं. "ही जिमीन आमची व्हती. घेताना आमाला काय धोका हाय, ते कुणी बगितलं न्हाई. घरटी एक नोकरी देतो म्हनले व्हते. आमच्या घरची ती ही."

शेवटी मी दुसरीकडे चिकटलो. आता रोज सकाळी नव्या कंपनीच्या बसने त्या गेटसमोरूनच जातो. खिडकीत मी दिसलो की तो खुर्चीतून उठतो आणि मान हलवतो. मी आता वाट बघत नाही, हे सांगायला मी एकदाही खाली उतरलेलो नाही.