सलोख्याचा पुरस्कार आणि मागचं गेट

आमच्या रहिवासी संघाला पुरस्कार द्यायची हौस आली तेव्हा संघाच्या पाण्याच्या टाकीला धड झाकण नव्हतं. मी हे बैठकीत बोललेही होते, पण हौसेला मोल नसतं. वर्सोव्याला कोळीवाड्याकडे पाठ करून आमच्या चार इमारती उभ्या राहिल्या, त्याला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या दिवसांत सात-आठ वर्षं झाली असतील. बँकेतले, मंत्रालयातले, कॉलेजातले आम्ही सगळे तेवढ्यात स्वतःला तिथले मूळ रहिवासी समजायला लागलो होतो. कोळी तिथे किती पिढ्या राहत होते हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

भांडण होतं वासाचं. आमच्या पहिल्या इमारतीच्या भिंतीला लागून मोकळी जागा होती, तिथे कोळणी जवळा पसरायच्या आणि बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घालायच्या. आमच्या खिडक्या बंद, नाकाला रुमाल, महापालिकेला अर्जांवर अर्ज. मग एका सकाळी कोणीतरी वाळत टाकलेल्या जवळ्यावर रॉकेल ओतलं. दुसऱ्या दिवशी आमच्या पुढच्या गेटात माशांची आतडी आणि डोकी ढिगाने पडली. रॉकेल कोणी ओतलं ते इमारतीत सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे जण माहीत नसल्यासारखे वागत होते. मीसुद्धा.

हे भांडण मिटवलं ते मावशीने. मावशी म्हणजे आमच्या दारांत मासे घेऊन येणारी कोळीण. पन्नाशी उलटलेली, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर पलंगावर पडल्या पडल्या कळावं आज पापलेट आहे की बांगडा. नवरा दर्यात गेलेला, दोन मुलगे बोटीवर. तिने आपल्या वस्तीत घरोघर फिरून लोकांना राजी केलं आणि वाळवणं पार खाडीच्या टोकाला नेली. बदल्यात एकच मागितलं: आमच्या आवारातलं मागचं गेट उघडं ठेवा.

त्या गेटाचं महत्त्व आम्हाला नव्हतं, त्यांना होतं. अंधेरीच्या बाजाराला जाणारा टेम्पो पहाटे पाचला आमच्या पुढच्या रस्त्यावर लागायचा. कोळीवाड्याच्या गल्लीत तो शिरत नसे. आमच्या आवारातून आलं की पाच मिनिटं, नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन मोठ्या रस्त्याने अर्ध्या तासाचा वळसा, अंधारात, ट्रकांच्या बाजूने. टेम्पो चुकला तर बाजारातली जागा गेली आणि दिवस गेला. संघाच्या अध्यक्षांनी मावशीला तोंडी 'हो' म्हटलं. कागद झाला नाही.

म्हणून संघाने गणेशोत्सवात 'सलोखा पुरस्कार' द्यायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, नाव एकच आहे, चर्चा कसली? पण चर्चा झाली. अध्यक्षांच्या मनात होते दुसऱ्या इमारतीतले निवृत्त साहेब. या सगळ्या काळात साहेबांनी काय केलं होतं, तर महापालिकेला इंग्रजीत पत्रं लिहिली होती आणि त्यांच्या प्रती फायलीत नीट लावल्या होत्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

निवड समिती सात जणांची होती. मी महिला मंडळाची सेक्रेटरी, बाईमाणूस एक असावं म्हणून घेतलेली. पहिल्या बैठकीत तिघे साहेबांकडे, तिघे मावशीकडे. माझं मत ठरलेलं होतं. निर्णय पुढच्या रविवारवर गेला, आणि मी शहाणी, शनिवारीच मावशीला सांगून मोकळी झाले.

"मावशी, तुझंच नाव आहे बघ. स्टेजवर बोलावणार तुला."

ती पाटी उतरवून जिन्यात बसली. हसली नाही. "मना शाल नको गो बाय," ती म्हणाली. "त्या अध्यक्ष सायबान चार मानसांसमोर बोलाया पायजे, मागचा गेट उघडा र्‍हाईल म्हून. आमचीं लोका मना बोलतान, जागा दिलीस, हातात काय आनलास? एकदा माइकवर बोलला का मंग त्यांना फिरता येनार नाय."

तिचं म्हणणं मला तिथल्या तिथे कळलं होतं. पुरस्काराचं तिला काही नव्हतं. तिला सगळ्यांच्या कानांवर पडलेला शब्द हवा होता. तो मिळवून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

रविवारची बैठक चांगली चालली होती. कोणीतरी "गणपतीच्या मंडपात मासळीवाली?" म्हणालं, तर कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्याला चांगलंच झापलं. मत झालं. चार विरुद्ध तीन. मावशी जिंकली. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण निर्णय बिनविरोध झाला असता तर शोभलं असतं." आमच्याकडे बिनविरोधाचं भारी प्रेम. भांडायचं ते जिन्यात, वहीत मात्र सगळे एकमताचे.

आणि तिथे मी तोंड उघडलं. माझं माहेर लालबागच्या चाळीतलं, वडील गिरणीत. या लोकांमध्ये मला एकच गोष्ट चोख येते असं मला वाटायचं, ती म्हणजे कोणाचा मान कसा ठेवायचा. आमच्या संघाच्या गणपतीत पुरुषांना शाल-श्रीफळ, आणि बाईचा सत्कार असला की अध्यक्षांच्या पत्नी स्टेजवर तिची खणानारळाने ओटी भरत. मी काळजीच्या सुरात म्हटलं, "त्यांचे यजमान नाहीत. मग ओटीचं कसं करायचं?"

मला एवढंच विचारायचं होतं की शालच देऊ या का. पण माझं वाक्य संपेपर्यंत अध्यक्षांचा चेहरा खुलला होता.

"वहिनी, बरं झालं आठवण केलीत! अहो, भर मंडपात, सवाष्णींच्या समोर, ओटीविना उभं करायचं त्या माउलीला? अपमानच की तो."

"शाल देता येईल ना," मी म्हटलं.

"बायकांना आजवर दिलीय कधी? लोक विचारणार, हिलाच का शाल. मग कारण सांगायचं माइकवर?"

मग सगळेच मावशीची काळजी करायला लागले. हेटाळणीला झापणं सोपं होतं, काळजीला काय बोलणार? मघाशी तिच्या बाजूने तावातावाने बोललेले प्राध्यापकसुद्धा म्हणाले, "हं, तो एक नाजूक प्रश्न आहे खरा." ठरलं असं की मावशीचा सत्कार तिच्या घरी जाऊन, सन्मानाने, सवडीने करायचा. मंडपातला पुरस्कार साहेबांना. बिनविरोध. मी वहीत सही केली. ओटी हवी की नको हे मावशीलाच विचारू, एवढं साधं वाक्य त्या खोलीत कोणाच्या तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही, आणि तिला ओळखणारी तिथे मी एकटीच होते.

तिला हे कोणी सांगायचं ते ठरलंच नाही. मी स्वतःशी म्हणत राहिले, अध्यक्ष सांगतील. त्या आठवड्यात मी तिच्याकडून मासे घेतले नाहीत. गौरी-गणपती आहेत, आमच्याकडे चालत नाही, हे कारण आयतंच हाताशी होतं.

कार्यक्रमाला ती आली. ठेवणीतलं लुगडं, कानांत जड कुड्या, बरोबर वस्तीतल्या आठ-दहा बायका. मंडपाच्या मागच्या बाजूला त्या उभ्या राहिल्या. त्यांना खुर्ची द्यायला कोणी उठलं नाही. साहेबांचं नाव पुकारलं गेलं. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि साहेब माइकसमोर आले. "शेजारधर्म टिकवायचा तर हद्दी स्पष्ट हव्यात," ते म्हणाले. "वाळवणं हटली, हे पहिलं पाऊल. आता मागच्या गेटला कुलूप लागलं की दोन्ही वस्त्यांत कायमचा सलोखा नांदेल." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात आपसूक उठले असं मी नंतर कित्येकदा स्वतःला सांगितलंय, पण हात माझेच होते.

प्रसादाचं ताट माझ्याकडे होतं. तिच्याबरोबरच्या बायका काहीतरी पुटपुटत तशाच निघून गेल्या. ती मात्र पुढे आली, हात पुढे केला, म्हणाली, "देवाचा हाय, दे." माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

विसर्जनानंतर चौथ्या दिवशी कुलूप लागलं. प्रत्येक फ्लॅटला एकेक चावी मिळाली आणि बरोबर सायक्लोस्टाइल केलेली सूचना: बाहेरच्या व्यक्तींसाठी गेट उघडू नये. सत्काराला तिच्या घरी कोणी गेलं नाही. मी गेले, एकटी, रिकाम्या हाताने, कारण काय न्यावं तेच कळेना. तिच्या सुनेने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मावशी दारातच बसून जाळं विणत होती. 

"टेम्पो पाचला सुटतो," एवढंच म्हणाली.

"मी उघडेन," मी म्हटलं. "रोज पावणेपाचला. तू हाक मार."

अकरा दिवस मी उघडलं. पहाटे गाउनवर शाल गुंडाळून खाली जायचे, चार-पाच बायका एकामागून एक आत यायच्या, पाट्यांतलं पाणी ठिबकत जायचं. त्या अकरा दिवसांत मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

बाराव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी माझ्या नवऱ्याला जिन्यात गाठलं. सासऱ्यांच्या नावावरचा फ्लॅट आमच्या नावावर व्हायचा होता आणि कमिटीची सही राहिली होती. अध्यक्ष तेवढंच बोलले, सहीचं. गेटचं नावही काढलं नाही. नवरा घरात येऊन म्हणाला, "तू काय ते ठरव. मी काही सांगत नाही." सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मला साडेचारलाच जाग आली. पावणेपाचला खालून हाक आली, "बाय गो!" नवरा जागा होता, मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. दुसरी हाक. तिसरी. मग गेटची साखळी एकदा वाजली, आणि बायका बोलत बोलत लांब गेल्या. मी छताकडे बघत पडून राहिले. माझी मलाच किळस आली, तरी उठले नाही.

सकाळी आठला ती पुढच्या गेटने आली. टेम्पो चुकला होता, म्हणून सगळी पाटी इमारतीतच विकायला निघाली होती. घामाने निथळत होती. मी दार उघडलं तशी माझ्याकडे बघून म्हणाली, "आजारी व्हतीस काय गो?"

"हो," मी म्हटलं. "ताप आहे अंगात."

तिने पाटी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसला आणि उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला. माझं कपाळ गार होतं. मला माहीत होतं, आणि आता तिलाही कळलं होतं. क्षणभर तिने हात तसाच ठेवला.

"हाय," ती म्हणाली. "थोडा हाय. पडून र्‍हा."

पाटी उचलून ती वरच्या मजल्यावर गेली. दुसऱ्या दिवसापासून मागच्या गेटशी कोणी हाक मारली नाही.