नवऱ्याच्या नावाची बाटली

बॅटरीच्या कारखान्यात सगळे त्याला वस्ताद म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते. कॅडमियमची तपकिरी भुकटी साच्यात भरून तिच्या चकत्या दाबायच्या, हे त्याचं काम. बावीस वर्षांत हात असा बसला होता की वजनकाट्यानेच त्याला विचारावं. मुखवटा मात्र गळ्यात लोंबकळत असायचा. नाकावर घेतला की म्हणे जीव घुसमटतो. काय बोलायचं अशा माणसाला!

दर सहा महिन्यांनी लघवीची तपासणी व्हायची. धातू जास्त निघाला की रवानगी खोकी बांधायच्या खात्यात. तिथे गेलेल्याला मग काळं कुत्रंही विचारत नाही, हे वस्तादाने पाहिलं होतं, आणि त्याने हाय खाल्ली होती. बाटली घरून भरून आणायची मुभा होती. तो बायकोची आणायचा. ती बिचारी घरात असते, तिच्या अंगात कुठला आलाय धातू! पहिल्यांदा ती लाजली, मग हसली, मग सवय झाली. चार वर्षं सगळं बिनबोभाट चाललं.

यंदा कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. आकडा हद्दीबाहेर गेला होता. उद्यापासून भुकटीला हात लावायचा नाही, असं सांगून त्या समजावत बसल्या. पेशीतला डीएनएचा धागा रोज कुठे ना कुठे तुटतोच, त्यात नवल नाही; त्याला रफू करणारी एन्झाइम तिथेच असतात. त्यांतल्या काहींच्या पोटात जस्ताचा कण असतो, त्याच्याच आधाराने ती काम करतात. कॅडमियम येतं, जस्ताला हुसकावतं आणि त्याच्या जागी ठाण मांडतं. रफूवाला जागेवर असतो, पण त्याचा हात चालत नाही. भोकं साठत जातात, आणि त्यातूनच पुढे कर्करोग होऊ शकतो. मूत्रपिंडात शिरलेला हा धातू वर्षानुवर्षं निघत नाही.

वस्तादाच्या पायाखालची जमीन सरकली. कारखान्याची धुलाई बटणं तोडते म्हणून तो माखलेला कोट रोज घरी न्यायचा. बायको तो गॅलरीत झटकायची, मग धुवायची. तिला कुणी मुखवटा दिला नव्हता.

गप्प बसला तर खोकी बांधणं, बोलला तर फसवणूक केली म्हणून नोकरीच जाणार. मेल्याने एवढं एक तरी बरं केलं, की खरं सांगून टाकलं.

"बाई, ही लघवी माझी नाही. बायकोची आहे. दर वेळी तिचीच होती."

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त झोंबलं. त्यांनी फाइलमधले आठ कागद टेबलावर ओळीने मांडले. आकडा प्रत्येक वेळी थोडा थोडा चढला होता. पाचव्या कागदावर लाल शाईत 'काळजी घ्या' असं त्यांनीच लिहिलं होतं. प्रत्येकाची प्रत त्याच्या हातात दिलेली होती.

"तुम्ही वाचल्याच नाहीत?"

"नाही," वस्ताद म्हणाला. "माझ्या नव्हत्याच ना त्या."