आबांच्या मेंढरांचा उजेड

आमच्या आबांची मेंढरं एका गुरुवारी संध्याकाळी उजेड द्यायला लागली आणि त्यात मेंढरांचा काहीही दोष नव्हता.

दोष कुणाचा होता तेच सांगायला बसलोय. पण आधी मेंढरांचं ऐका. आमच्या घरी एके काळी दीडशे मेंढरं होती (हा आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, आकडा. तो वयाबरोबर वाढतो. परवा पाहुण्यांपुढं तीनशेला टेकला होता). आजोबा ती घेऊन पार कोकणात उतरायचे. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, ट्रॅक्टर आला आणि निरवांगीच्या आमच्या वस्तीवर उरली अकरा. ती अकरा आबा सकाळी सोडायचे, दिवसभर कालव्याच्या कडेनं चारायचे आणि दिवस मावळला की घरी आणायचे. अलीकडं मात्र त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तिन्हीसांजेला अकराची दहा व्हायला लागली होती.

एक मेंढी शेजारच्या तात्यांच्या मक्यात रात्रभर राहिली. दुसरी उसात शिरली ती सकाळी सापडली, तीही लांडग्याची कृपा म्हणून. मग एका रात्री जेवताना माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, ताटाकडं बघतच म्हणाला, "आबा, आता आणिक एक जरी चुकलं तर येत्या बाजाराला समदी इकायची. मी गाडी सांगून ठेवलीया."

अर्धी भाकरी ताटात ठेवून आबांनी हात धुतला. आबांनी भाकरी टाकलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करायला जातो, हे आमच्या घराचं जुनं दुखणं आहे.

मी बारामतीला एमआयडीसीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये कामाला आहे. आम्ही पाट्या बनवतो. कारखान्यात लाइट गेली की भिंतीवर बाण आणि 'बाहेर' अशी अक्षरं हिरवट चमकतात ना, त्या. त्यांना वायर नाही की सेल नाही. रंगातच एक पावडर असते. ती दिवसभर उजेड पिऊन ठेवते आणि अंधार पडला की तो हळूहळू सोडत बसते. मी मालकांना विचारून उरलेला अर्धा डबा घेतला. जनावराच्या अंगाला लावला तर चालेल का, असंही विचारलं. ते म्हणाले, लोकर कातरायच्या आधी लाव, आणि चाटू देऊ नको. जनावर कुणाचं, कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. मला ते चांगले ओळखतात.

बुधवारी घरी येऊन मी आबांना सगळं समजावून सांगितलं. पावडर, उजेड, साठवण, अगदी बरोबर आणलेल्या एका पाटीवर बोट ठेवून. आबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी दिवसा चरायचं आन अंधारात रवंथ करायचं."

इतकी वर्षं मी त्या धंद्यात आहे, पण मला हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

मग खात्री करून घ्यायची म्हणून आबांच्या बोटाला रंग लावला, वर मोबाइलची बॅटरी मारली आणि आम्ही दोघं घोंगडं डोक्यावरून घेऊन बसलो. बोट चमकलं. आबा त्या बोटाकडं बघत राहिले. "दिसतंय की रं," ते हळूच म्हणाले. "मला दिसतंय." नेमकी त्याच वेळी वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. खाटेवर दोन डोक्यांचं घोंगडं बसलेलं बघून तिनं तांब्या खाली ठेवला आणि आल्या पावली परत गेली. स्वयंपाकघरातून दादानं काय झालं विचारलं, तर तिनं एवढंच सांगितलं की भावजी आल्यात. दादाला तेवढं पुरलं.

गुरुवारी दादा ट्रॅक्टरचा पार्ट आणायला इंदापूरला गेला आणि आम्ही कामाला लागलो. आबा दरवर्षी मेंढरांच्या मागच्या पुठ्ठ्यावर गेरूचा एक टिपका देतात, आपलं जनावर ओळखू यावं म्हणून. तिथंच हा टिपका द्यायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण डबा अर्धा भरलेला! मी म्हटलं, आबा, मेंढरू आडवं उभं राहिलं तर पुठ्ठा दिसणार कसा? म्हणून दोन्ही कुशींवर एकेक गोल दिला. तोंड करून उभं राहिलं तर? म्हणून कपाळावर एक. आणि गोल म्हणजे टिपके नव्हेत, चांगले ताटलीएवढे. आबा म्हणाले, "जरा जास्त हुतंय का?" मी म्हणालो, सुरक्षेच्या बाबतीत काटकसर करायची नसते. हे वाक्य आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर आहे.

दिवसभर काही झालं नाही. उन्हात तो रंग नुसता पिवळट, वाळक्या शेणासारखा दिसतो. मेंढरं चरत होती, पाठीवर ऊन साठत होतं आणि मी कालव्याच्या कडेला बसून ते साठताना बघत होतो. मनात हिशेब चालला होता की हे यशस्वी झालं तर शेळगाव, बावडा, सगळीकडं सांगायला जायचं.

दिवस बुडाला. आम्ही घराकडं वळलो आणि एकेक मेंढरू हळूहळू हिरवं पेटायला लागलं. खरंच सांगतो, फार सुंदर दिसलं ते. आबा थांबले, मान वळवून मोजायला लागले आणि त्यांच्या तोंडावर असं हसू आलं, की मला वाटलं आता आयुष्यात आणखी काही केलं नाही तरी चालेल.

हे हसू साधारण दोन मिनिटं टिकलं.

कारण तेवढ्यात पुढच्या मेंढीनं सहज मागं वळून पाहिलं. मागून अंधारातून कपाळावर हिरवी ताटली घेऊन काहीतरी तिच्याकडं येत होतं. ती पळाली. आता मेंढराचा धर्म असा, की पुढचं पळालं की मागच्यांनी त्याच्यामागं पळायचं, कारण विचारायचं नाही. म्हणजे पुढची मेंढी मागच्यांना भिऊन पळत होती आणि मागच्या तिला सोडायला तयार नव्हत्या. हे थांबणार कसं? आम्ही ओरडत मागून पळालो, आणि आमच्या ओरडण्यानं त्यांना आणखी कारण मिळालं.

समोरून तात्या मोटारसायकलवर येत होते. त्यांनी हेडलाइट थेट मेंढरांवर मारला, मग घाबरून बंद केला. मेंढरांनी तेवढ्यात पोटभर उजेड खाऊन घेतला आणि आधीपेक्षा दुप्पट चमकायला लागली. तात्यांनी पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. मेंढरं आणखी उजळली आणि सरळ त्यांच्याच मक्यात घुसली. आरडाओरडा ऐकून वस्तीवरची माणसं बॅटऱ्या घेऊन धावत आली आणि जो तो मक्यात बॅटरी मारायला लागला. मी जीव तोडून सांगत होतो, बॅटऱ्या मारू नका, ती उजेड खातात! त्यावर सगळ्यांनी बॅटऱ्या माझ्या तोंडावर मारल्या.

एवढ्यात दादा आला. त्याला एकच गोष्ट कळली, की मेंढरं चुकली. तो बांधावर चढून मोजायला लागला आणि सत्तावीसवर थांबला. एकेका मेंढराच्या अंगावर चार चार गोल, त्यातला कुठला कुणाचा हे कळायला मार्ग नव्हता. त्यात तेलकट लोकरीवर रंग नीट वाळला नव्हता, तो घासून मक्याच्या पानांनाही लागलेला. तात्या एका हिरव्या ठिपक्यावर झेप घेऊन पडले आणि दोन कणसं मिठीत घेऊन उठले. दादा तसाच मक्यात उतरला. मला बाजाराची गाडी दिसायला लागली.

तेव्हा आबा बोलले. "समद्यांनी बॅटऱ्या बंद करा. आन खाली बसा."

आबा आवाज चढवत नाहीत, म्हणून सगळे बसले. आबा बांधावर टेकले आणि जिभेनं हलकासा र्र र्र असा आवाज काढत राहिले, लहानपणी आम्हाला झोपवताना काढायचे तसा. अंधारात मक्याची पानं वाजली. एक मेंढी आली. आबांनी डोळे मिटून तिच्या कानावरून, पाठीवरून हात फिरवला. "चांदी," म्हणाले. मग दुसरी आली. "बोरी." एकेक येत गेली आणि आबा हातानं ओळखून नाव घेत गेले. माझ्या चव्वेचाळीस ताटल्यांकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"धा," आबा म्हणाले आणि थांबले.

आबांचा हात हवेतच राहिला होता. मला वाटलं, आपण आबांची मेंढरं राखायला गेलो आणि आपल्याच हातानं बाजारात नेऊन उभी केली.

मग मका पुन्हा वाजला आणि दादा बाहेर आला. त्याच्या खांद्यावर म्हातारी मेंढी होती, पाय मुरगळलेली. दादानं मेंढरू खांद्यावर घेतलेलं मी शाळेत असताना शेवटचं पाहिलं होतं. त्याचा नवा पांढरा शर्ट कॉलरपासून कमरेपर्यंत हिरवा चमकत होता. त्यानं मेंढी आबांपुढं ठेवली. आबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"अकरा."

दादा आबांशेजारी बसला. बराच वेळ तो त्या मेंढीचा पाय चोळत राहिला. मग म्हणाला, "गाडीवाल्याला नगं म्हणून सांगतो. उद्यापासनं दिस मावळायच्या आत मी कालव्यावर येत जाईन. दोघं मिळून आणू."

आबांनी मुंडाशाच्या टोकानं नाक पुसलं. मीही पुसलं. मला इतका आनंद झाला होता, की मी मध्ये बोललो. म्हणालो, बघा, शेवटी झालं का नाही काम?

दादानं माझ्याकडं बघितलं. "आबा, बाजाराला काहीतरी नेयाचंच आसंल, तर ह्याला नेऊ."

आबांनी अंधारात हात पुढं केला, माझं डोकं चाचपलं आणि माझ्या टकलावरून सावकाश हात फिरवत विचार केला.

"ह्याला कोण घील? मेंढराला निदान लोकर तरी येती."