खामगावातले बर्फाचे बूट

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. बारा कर्ती माणसं रोज सकाळी एका मैदानात ओळीनं उभी करा आणि त्यांना डावा-उजवा पाय शिकवायला घ्या. महिन्याभरात इतके किस्से साचतात की सांगणारा थकतो! आमच्या खामगावच्या कवायत पथकाचं तसंच झालं. परवा जुनी मंडळी भेटली, चहा दोनदा झाला आणि विषय पुन्हा बुटांवर आला. तो नेहमी बुटांवरच येतो.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. आम्ही वऱ्हाडातली माणसं घर न बदलता तीन राज्यांत राहून झालेलो, पण या राज्याचं आम्हाला खरंच कौतुक होतं. एक मेला बुलढाण्याला परेड असायची. गावोगावची हौशी पथकं त्यात चालायची. आमच्या पथकात मी होतो, म्हणजे जिनिंगमधला कारकून. शामराव होता, तेलगिरणीत वजनकाट्यावर बसणारा. वानखडे मास्तर होते. बाकीचे नऊजण निमूटपणे ओळीत उभे राहायचे, म्हणून त्यांचे किस्से नाहीत.

आमचे गुरू म्हणजे हवालदार अंबादासजी. फौजेतून परत आलेले, मिशी पांढरी, आवाज असा की मैदानाशेजारच्या गाईसुद्धा सावधानमध्ये उभ्या राहायच्या!

*

तर बूट. पथकातल्या निम्म्या लोकांच्या पायात चपला, उरलेल्यांच्या पायात कॅनव्हासचे फाटके बूट. हे बघून शामरावच्या गिरणीचे शेठ कळवळले. त्यांनी कुठल्याशा लष्करी सामानाच्या लिलावातून सोळा जोड बूट उचलले आणि गोणीत भरून मैदानात आणून टाकले.

काळे, जाडजूड, घोट्याच्या वर जाणारे बूट. शामरावनं एकात हात घातला आणि दचकून बाहेर काढला.

"अबे, याच्या पोटात तं पिल्लू हाय!"

खरंच होतं. प्रत्येक बुटाच्या आत नमद्याचा आणखी एक बूट होता. नमदा म्हणजे घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो जाड, दाबलेल्या लोकरीचा कपडा. हवालदारसाहेबांनी तो आतला बूट हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"हे बर्फातले बूट हायेत," ते शेवटी म्हणाले. "आतल्यानं पाय गरम राह्यते."

एप्रिलचा पहिला आठवडा होता. रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. आम्ही सगळे शेठजींकडे बघायला लागलो. शेठजी हार मानणाऱ्यातले नव्हते.

"गरम राह्यते ना? मंग? फुकटात गरम भेटून राह्यलं, अन् तुमी तोंड वाकडं करता!"

*

हवालदारसाहेब त्या नमद्याकडे का बघत राहिले, ते आम्हाला माहीत होतं. फौजेत असताना डोंगरावर थंडीनं त्यांच्या उजव्या पायाची पाचही बोटं गेली होती. तेव्हापासून त्या पायात बूट टिकत नसे. चार पावलं टाकली की टाच वर, बूट खाली. म्हणून ते सुतळीनं बांधलेली चप्पल घालून, एका जागी उभं राहून आम्हाला कवायत शिकवायचे.

बुलढाण्याच्या परेडमध्ये पथकाच्या पुढं चालणाऱ्याच्या पायात बूट हवेतच, असा नियम होता. त्यामुळे शिकवायचं हवालदारसाहेबांनी आणि पुढं चालायचं वानखडे मास्तरांनी, असं दोन वर्षं चाललं. परेडच्या वेळी हवालदारसाहेब मैदानाच्या कडेला लिंबाखाली उकिडवे बसायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटायचं. या वर्षी पुढं हवालदारसाहेबच चालले पाहिजेत, असं आम्ही ठरवलं. पायात बूट बसवायचा, बस्स! एवढं सोपं काम!

*

आधी आमचेच बसेनात. सोळाच्या सोळा जोड दहा नंबरचे निघाले, आणि पथकात दहा नंबरचा पाय फक्त वानखडे मास्तरांचा. शामरावचा पाय पाच नंबरचा, नवरीसारखा!

पहिल्या दिवशी हवालदारसाहेबांनी हुकूम दिला, "दाहिने मुड!"

शामराव उजवीकडे वळला. बूट समोरच बघत राहिले.

हवालदारसाहेब जवळ गेले. खाली बघितलं, वर बघितलं.

"शामराव, तुले हुकूम समजला. आता बुटाईले समजावून सांग बे!"

*

मी म्हणालो, गावात कापसाला काय तोटा? आतल्या बुटात रुई भरा. मी जिनिंगमधून स्वच्छ, सरकी काढलेली रुई आणून देतो. तर शामरावला ते पटेना. त्याच्या भावाच्या शेतातला कापूस घरात पडून होता.

"घरचा कापूस असताना रुई काऊन वापराची?"

त्यानं सरकीसकट कापूस ठासून भरला. सरकी खड्यांसारखी टोचायला लागली, तेव्हा ती मऊ पडावी म्हणून त्यानं बुटात पाणी शिंपडलं आणि बूट रांजणाच्या मागं गारव्याला ठेवून दिले. नेमका त्याला गिरणीच्या कामानं आठवडाभर अकोल्याला जावं लागलं. परत आला तो थेट मैदानात, बूट हातात धरून, चेहरा पडलेला.

वानखडे मास्तरांनी बुटात वाकून बघितलं आणि हजेरी घेतल्यासारखं जाहीर केलं, "उजव्यात तीन रोपं, डाव्यात एक!"

हवालदारसाहेब हसले नाहीत. ते शिस्तीचे होते.

"आधी निंदण करून ये," ते म्हणाले, "मंग परेडले उभा राह्य!"

*

शेवटी आम्ही गणपतरावांकडे गेलो. बाजारात वडाखाली बूट-चपला शिवायला बसायचे. माणूस मोजकं बोलणारा. त्यांनी आतला बूट दाबून बघितला, वास घेतला, म्हणाले, "नमदा वाफेले ऐकते. वाफवा, गरम असतानाच बुटात घाला, अन् पाय घालून उभे राह्या. थंडा होऊस्तोवर हालाचं नाही. पायाचा आकार घेते तो."

वाफ कुठं मिळणार? माझ्या घरी. रविवारी सकाळी बायको विहिरीवर गेलेली बघून मी चुलीवर मोठा गंज चढवला, वर चाळणी ठेवली आणि चाळणीत माझे आणि मास्तरांचे असे चार नमदे वाफवायला ठेवले. मास्तर घड्याळ लावून बसले. पंधरा मिनिटं, जास्त नाही. मग आम्ही दोघं पाय घालून ओसरीत पुतळ्यासारखे उभे. पाय भाजत होते, पण हालायचं नाही! नमदा खरंच पायाभोवती घट्ट बसला. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी शामरावचे दोन नमदे मी पुन्हा त्याच गंजात वाफवायला ठेवले आणि कामावर निघून गेलो.

दुपारी जेवायला आलो. ताट मांडलेलं होतं. भाकरी, ठेचा, कांदा, आणि मधोमध वाफाळलेला नमद्याचा एक बूट!

"हे काय?"

"सकाळी तुमाले विचारलं, जेवाले काय करू? तुमी म्हने, काही बी कर." बायकोनं पदर खोचला. "तं तुमी चढवून गेले तेच वाढलं. अजून एक हाय गंजात. लागलं तं मांगा!"

*

आमचे बूट बसायला लागले ही बातमी शेठजींपर्यंत गेली. त्यांनाही जोड पाहिजे झाला. त्यांच्या डाव्या पायाला कुरूप होतं, तिथं बूट घासायचा. नमद्याला त्या जागी भोक पाडलं की कुरूप मोकळं राहील, ही युक्ती वानखडे मास्तरांची. गणपतराव म्हणाले, "मी पाडतो." पण मास्तरांना धीर कुठला! ते शेठजींच्या समोर मांडी घालून बसले, खडूनं खूण केली आणि स्वतःच कात्री चालवली.

शेठजी ऐटीत बूट घालून गिरणीत गेले आणि संध्याकाळी लंगडत मैदानात आले. भोक उजव्या बुटाला पडलं होतं! मास्तर समोर बसले होते ना, शेठजींचा डावा पाय त्यांच्या उजव्या हाताला आला.

"मास्तर," शेठजी कळवळून म्हणाले, "तुमच्या शाळेत पोराईले डावं-उजवं शिकवते कोन?"

"ते पहिलीत असते," मास्तर शांतपणे म्हणाले. "माह्याकडे सातवी हाय."

*

राहिला हवालदारसाहेबांचा बूट. त्यात पुढं रुई भरली, ती चार पावलांत गोळा होऊन टाचेखाली आली. लाकडाचा ठोकळा घातला, तर प्रत्येक पावलाला दार वाजवल्यासारखा आवाज येई. शामराव "कोन हाय?" म्हणून ओरडला आणि त्याला मैदानाभोवती दहा फेऱ्या मिळाल्या!

गणपतराव म्हणाले, "पाय पाह्यल्याबिगर होनार नाही."

इथंच सगळं अडलं. हवालदारसाहेब पायातला मोजा काढायला तयार नव्हते. आमच्यापैकी कुणीही तो पाय उघडा बघितला नव्हता. त्यांच्या घरच्यांनीही फारसा बघितला नसावा. वडाखाली ते पाटावर बसले, पाय आखडून घेतलेला.

गणपतरावांनी पाण्यानं हात धुतले. मळलेल्या कणकेचा मोठा गोळा पुढं ठेवला, त्यात पावलाचा ठसा घ्यायचा होता. मग खालीच बघत म्हणाले, "साहेब, तीस वर्षं झाले, मी लोकाईचे पायच पाह्यतो. तोंडं तं मले ध्यानातच राह्यत नाहीत. उद्या तुमी रस्त्यानं भेटले, तं मी तुमाले वळखनार बी नाही."

हवालदारसाहेबांनी मोजा काढला. आम्ही सगळे एकदम वडाच्या फांद्यांकडे बघायला लागलो. मास्तर उगाच चष्मा पुसत होते.

ठसा उमटला. गणपतरावांनी बोटांच्या जागी नमद्याचेच थर लावायचे ठरवले, एकावर एक, शिवून, वाफवून, पावलाच्या उताराप्रमाणं कापून. त्यासाठी उरलेल्या जोडांचाही नमदा कमी पडला, तेव्हा शामरावनं आपल्या आतल्या बुटाची वरची पट्टी कापून दिली. मग मी दिली. मग ओळीतल्या त्या निमूट नऊजणांनीही दिली. आठ दिवस गणपतराव तो एकच बूट घेऊन बसले होते. बाकी गिऱ्हाईक परत जात होतं.

*

एक मे. आम्ही पहाटेच्या एसटीनं घाट चढून बुलढाण्याला पोचलो. ऊन तापलं होतं आणि बर्फातल्या बुटांत आमचे पाय शिजत होते. एका अधिकाऱ्यानं हवालदारसाहेबांच्या पायांकडे बघितलं, दोन्ही पायांत बूट आहेत ही खात्री केली आणि पुढं जायची खूण केली.

बँड वाजायला लागला. हवालदारसाहेब आमच्या पुढं उभे राहिले. त्यांची मान मागून दिसत होती, ती घामानं चिंब झाली होती. शामराव माझ्या कानात म्हणाला, "निंघला बूट तं काय करतीन हो?"

"पथक, तेज चल!"

पहिली चार पावलं आम्ही सगळे त्यांच्या टाचेकडेच बघत होतो. पाच. सहा. दहा. टाच उचलली की बूटही उचलला जात होता! मंचासमोर "दाहिने देख" असा हुकूम त्यांनी दिला, तो बहुतेक घाटाखाली ऐकू गेला असेल. आम्ही मान वळवली, सलामी दिली, मान सरळ केली. लोक टाळ्या वाजवत होते. आमच्या आयुष्यात आम्ही इतके सरळ कधी चाललो नव्हतो.

मंचापुढं पन्नास पावलांवर चुन्याची रेघ होती. तिथं पथकानं थांबायचं, असं ठरलेलं. रेघ आली. रेघ मागं गेली. 'थम'चा हुकूम आला नाही. हुकूम नाही तर थांबायचं नाही, हे आम्हाला त्यांनीच दोन वर्षं घोकून शिकवलेलं. आम्ही चालत राहिलो.

मैदान संपलं. फाटकातून बाहेर पडलो. फाटकावरच्या शिपायानं घाबरून सॅल्यूट ठोकला. मागं बँड बंद पडला, कुणीतरी शिट्या मारत होतं. आम्ही चिखलीच्या रस्त्याला लागलो. एक बैलगाडी बाजूला झाली, एक सायकलवाला उतरून उभा राहिला. हवालदारसाहेब पुढं, हात खांद्यापर्यंत, पाऊल दणदणीत. शेवटचं घरही मागं पडलं, तेव्हा मास्तरांना राहवलं नाही.

"हवालदारसाहेब!" ते धापा टाकत ओरडले. "गाव संपलं हो! थम म्हना ना!"

हवालदारसाहेबांनी मान वळवली नाही. पाऊलही चुकवलं नाही.

"थांबू काऊन बे? आत्ता कुठं चालून राह्यलो मी!"